तळमजल्यावरची कोंबडी आजारी आहे

पहिली कोंबडी घरी आणली त्या दिवशी कोंबडीपालनातला माझा एकूण अनुभव चोवीस मिनिटांच्या एका व्हिडिओइतका होता. त्यातलीही शेवटची चार मिनिटं मी पाहिली नव्हती. ती आजारपणांवर होती, आणि आपल्याकडे कशाला कोण आजारी पडतंय, असं मला वाटलेलं.

कोंबड्या आणल्या त्या सासूबाईंसाठी. दिवाळीनंतर माझे सासरे गेले आणि वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, आईला पाटणजवळच्या गावाहून आमच्याकडे शहाडला आणलं. आई आल्या, पण त्यांचं बोलणं गावीच राहिलं. चहा घेणार का विचारलं की 'हं'. टीव्ही बंद करू का, 'हं'. मग चालूच ठेवू का, तरी 'हं'. वैशालीने त्यांना भजनी मंडळात नेलं, उल्हास नदीकडे फिरायला नेलं, गावच्या मावशींना फोन लावून दिला. फोनवरही 'हं'. दिवसभर त्या खिडकीत बसून आमच्या तळमजल्यामागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहायच्या. वैशाली न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि लाल डोळ्यांनी बाहेर येऊन सांगायची, साबण गेला.

एका रविवारी ती सहज म्हणून गेली, की आईच्या दारात कायम दहा-बारा कोंबड्या असायच्या. बाबांचं आजारपण सुरू झालं तेव्हा सगळ्या वाटून टाकल्या. मी ताडकन उठलो. तीस वर्षं एका ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढून मी नुकताच निवृत्त झालेलो, आणि निवृत्त माणसाला कल्पना सुचली की घरच्यांनी सावध व्हायचं असतं.

खुराड्याचा मी रीतसर नकाशा काढला. समोरून, बाजूने आणि वरून. (वरून बघणारे फक्त दामलेकाका. ते सोसायटीचे सेक्रेटरी आणि बरोबर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात.) दामलेकाका अंड्यालाही न शिवणारे, पण माणूस सज्जन. सगळं ऐकून त्यांनी दोनच अटी घातल्या. वास येता कामा नये आणि कोंबडा असता कामा नये.

चपलांच्या जुन्या कपाटाला जाळी ठोकून खुराडं तयार झालं आणि मुरबाडच्या बाजारातून तीन गावठी कोंबड्या खोक्यात बसून आल्या. आल्या आल्या त्यांनी कपाटाला एक फेरी मारली आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मूठभर बाजरी हातात घेऊन मी तासभर ओणवा फिरत होतो. मी पेरूच्या झाडाकडे गेलो की त्या कुंपणाकडे, मी कुंपणाकडे गेलो की त्या पेरूवर. आई खिडकीतून बघत होत्या. वैशाली म्हणाली, अहो, आईला विचारा ना. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास? त्यांच्या विरंगुळ्यासाठीच तर आणल्यात! तिसऱ्या संध्याकाळी अंधार पडताना कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरल्या. त्याचं श्रेय मी माझ्या नकाशाला दिलं.

अंडं घालायची जागा कोंबडीला कळावी म्हणून तिथे आधी एक खोटं अंडं ठेवायचं, असं व्हिडिओत होतं. मी टेबल टेनिसचा पांढरा बॉल ठेवला. आठवड्याभरात तांबड्या कोंबडीने त्याच्या शेजारी खरं अंडं घातलं. ते मी धावत आत नेऊन आईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ तळहातावर धरलं, मग मला परत दिलं. या वेळी 'हं'सुद्धा नाही.

असा महिना-सव्वा महिना गेला आणि एक दिवस तांबडी खुराड्याबाहेर येईना. पिसं फुगलेली, नजर एका जागी लागलेली, दाण्याला तोंड नाही. हात आत घातला तर शिट्टी होण्याआधीच्या कुकरसारखा आवाज काढून तिने कचकन टोचलं. चौथ्या दिवशी मी घाबरून व्हिडिओची ती शेवटची चार मिनिटं पाहिली. लक्षणं तंतोतंत जुळली. सांगितलेल्या सगळ्याच रोगांशी जुळली!

मी तांबडीला कापडी पिशवीत घातलं आणि रिक्षाने कल्याणला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे दोन मोठ्या कुत्र्यांच्या मधे पिशवीत ती अशी निवांत बसलेली, की कुत्रेच जरा सरकून बसले. डॉक्टर म्हणाले, मी फक्त कुत्री-मांजरं बघतो, पक्ष्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात. तोवर खबरदारी म्हणून हिला वेगळी ठेवा, हात धुवा. त्यातलं मला फक्त 'वेगळी ठेवा' ऐकू आलं.

घरी येऊन तांबडीला तिच्या जागी ठेवलं आणि बाकीच्या दोघींना पेरूखाली टोपलीने झाकलं. मग रेनकोट चढवला, मास्क लावला, कोरोनातली प्लास्टिकची ढाल डोक्याला अडकवली, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले आणि खुराड्याभोवती ब्लिचिंग पावडरची रेघ ओढायला घेतली. तेवढ्यात दामलेकाका तुळशीला पाणी घालायला गॅलरीत आले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी खालून म्हणालो, "काका, घाबरू नका. अजून नक्की काही नाही."

या वाक्याने माणूस जेवढा घाबरतो तेवढा कशानेही घाबरत नसावा. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'तळमजल्यावरची कोंबडी आजारी आहे.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'बर्ड फ्लू?' पुढच्या मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह गळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सकाळपासून शिंका येत होत्या, त्या एकदम महत्त्वाच्या झाल्या. पाच वाजेपर्यंत अख्खी बिल्डिंग नाकाला रुमाल लावून आमच्या मागच्या दारी जमली.

दामलेकाका अगदी हळू आवाजात म्हणाले, "साळुंखे, मला वाईट वाटतंय हो. पण तिन्ही आजच्या आज जायला हव्यात. मी महापालिकेला फोन करतो, ते येऊन नेतील."

नेतील म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. वैशाली शेजारी येऊन माझा रबरी हात धरून उभी राहिली. मला खिडकीकडे बघवेना. नुकतंच घरातलं एक मरण सोसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर मी हौसेने तीन जीव आणून ठेवले होते, आणि आता ते तिच्याच डोळ्यांसमोरून न्यायचे. मी म्हटलं, बरं, करा फोन.

तेव्हा मागचं दार उघडलं. आई अनवाणी बाहेर आल्या. पदर खोचलेला. माझी ब्लिचिंगची रेघ त्यांनी सरळ ओलांडली, खुराड्यात हात घातला आणि तांबडीला खालून अलगद उचलून काखेत घेतलं. तांबडी हूं की चूं करेना.

"खुडूक बसलीया," आई म्हणाल्या.

चार महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य. ते कुणालाही समजलं नाही. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी समजावून सांगितलं, "पिल्लं काढाया बसलीया ती. अंगाखाली ऊब धरून एकवीस दीस अशीच बसंल. खाया उठायची न्हाय, कुणाला जवळ येऊ द्यायची न्हाय. ह्यो रोग न्हवं."

मग त्यांनी वाकून तिच्या जागेतून काहीतरी उचललं. तांबडीने चार दिवस जिवापाड ऊब दिलेला टेबल टेनिसचा बॉल.

"आन जावाईबापू," त्यांनी तो माझ्यासमोर धरला, "ह्यातनं काय निघणार हुतं?"

दामलेकाकांचा रुमाल नाकावरून डोळ्यांवर गेला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग सगळेच हसले. शिंकणाऱ्या वहिनी तर सगळ्यांत जास्त. मी ढाल वर सरकवून आईंना विचारलं, तुम्हाला हे आधीच कळलेलं का? त्या म्हणाल्या, चार दीस झालं. मग बोलला का नाहीत?

"मला कुणी इचारलं कुठं?"

वैशाली आत गेली. न्हाणीघरातल्या नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी आई स्वतःहून लेकीला घेऊन शहाड गावठाणात गेल्या. तिथे कोंबड्या पाळणारी एक बाई त्यांनी विचारत विचारत शोधून काढली. आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे आमची अंडी वांझ, त्यातून पिल्लं निघत नसतात, हेही मला त्याच दिवशी कळलं. त्या बाईकडची सहा अंडी आईंनी तांबडीखाली सरकवली आणि पाच पिल्लं निघाली. आता बिल्डिंगमधलं कुणीही येतं ते आईंकडेच येतं. दामलेकाका रोज सकाळी वाटीभर उरलेला भात घेऊन खाली उतरतात आणि सहज डोकावलो म्हणतात.

परवा मी खुराड्याची जाळी ठीक करत होतो. आत आई गावच्या मावशींशी फोनवर बोलत होत्या. हल्ली हा फोन तासभर चालतो. मावशींनी बहुधा विचारलं असावं, की एवढा पसारा झालाय, तर एखादा कोंबडा का ठेवत नाहीस?

"नगं बाई," आई म्हणाल्या. "दीसभर दारात हिंडाया आन नुसता आवाज कराया जावाईबापू हायती की."

मी इथेच आहे हे कळावं म्हणून मोठ्याने खाकरलो.

"बघ," आई फोनमध्ये म्हणाल्या, "आरवलं."