थोरलीचं लुगडं

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता बरं का. मी खाडीकाठी वाढलेली बाई. रात्री पाण्यावर दिवे हलतात ते कोळ्यांचे, हे मला लहानपणापासून ठाऊक. शाळा पाहिली नाही, मिठाच्या गोणींवरची अक्षरं गिरवून लिहायला शिकले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण ठाण्याला वकिलांच्या माडीवर भर दुपारी जे झालं, ते मी समोर बसून पाहिलंय…

मी दुसरेपणावर दिलेली. थोरली माझ्या आधीच गेलेली, मी तिला पाहिलेलंही नाही. पण रीतीप्रमाणे तिचा टाक — चांदीच्या पत्र्यावरची तिची छोटी मूर्त — माझ्या गळ्यात आला. सकाळी कुंकू आधी तिला, मग मला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग मी नेसायचं. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं हो. ही कायम अठरा वर्षांची, आणि माझे केस पिकायला लागलेले.

यांना धाप लागू लागली तेव्हा विल करायचं ठरलं. कोलशेतचं मिठागर यांनी स्वतः उभं केलेलं, आणि आम्हाला मूलबाळ नाही. कागद नसता तर दीर म्हणणार, सगळं एकत्र कुटुंबाचं, वहिनींना पोटाला घालू. म्हणजे उरलेला जन्म जावेच्या चुलीशी.

वकिलांनी लिहिलं, वाचून दाखवलं. दोन साक्षीदार बसलेले. यांनी लेखणी दौतीत बुडवली… आणि हात कागदाच्या वर थांबला. थरथर नाही, काही नाही. नुसता थांबला. वकिलांनी कोरा कागद पुढे केला, त्यावर सही झोकात. हात विलावर नेला की पुन्हा तेच.

"मनगट धरल्यासारखं वाटतंय," हे म्हणाले. मग माझ्या गळ्याकडे बघून, हळूच, "तिचं काहीच नाही ना यात."

माझ्या अंगाची आग आग झाली. कुंकू तिचं आधी, लुगडं तिचं आधी, आता मिठागरातही वाटा? मी विचारलं, "मेलेल्या माणसाला इस्टेट देतात का हो, वकीलसाहेब?" ते म्हणाले, देता येत नाही, तिच्या नावाने काही करावं अशी अट तुमच्यावर घालता येईल.

मीही काही कच्ची नव्हे. म्हटलं, लिहा — रीतीप्रमाणे अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालावी, लुगडं द्यावं. आता ही नवमी अहेवपणी गेलेल्या बाईची, आणि नवरा गेला की आमच्यात ती बंद होते. विल तर यांच्या मागेच लागू होणार. म्हणजे अट नावापुरती! वकील मिशीत हसले, पण लिहिलं.

हात जागचा हलला नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि गळ्यातला टाक बर्फासारखा गार. दोरा मानेत रुतत चाललेला, कुणी खाली ओढत असल्यासारखा. शेवटी तो मुठीत धरून मीच म्हणाले, "बरं बाई. मी जिवंत असेपर्यंत, दरवर्षी. झालं समाधान?"

वकिलांनी तसा कागद पुन्हा केला. यांनी एका दमात सही केली आणि वर मलाच विचारलं, रडतेस कशाला?

पुढे हे गेले. दीर कोर्टात भांडले. पण साक्षीदार शब्दाला जागले, कोर्टाने विल खरं मानून प्रोबेट दिलं, मिठागर माझं राहिलं. भटजी दरवर्षी कुरकुरतात, नवऱ्यामागे कसली नवमी? मी म्हणते, कागदात आहे. माझं कपाळ पांढरं, आणि गळ्यातून उतरवून देव्हाऱ्यात ठेवलेल्या टाकाला कुंकू मीच लावते.

वकील शेवटपर्यंत म्हणत, मनाचा खेळ. मग कोऱ्या कागदावर सही कशी झाली, असं विचारलं की पानाचं तबक पुढे करत. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर कळवा.

यंदाच्या नवमीला हिरवं लुगडं आणलंय. रंग असा, की मला काय शोभला असता.