खिडकीशी धरलेलं हाड

एक्स-रे बघायचा तर खिडकीशीच धरावा लागतो. दोन महिने मी रोज सकाळी तो धरत होते. काळ्या फिल्मवर माझी पांढुरकी नडगी, तिच्या मधोमध एक काळी फट, आणि हाडातून अंधुक दिसणारी समोरची टेकडी. दर रविवारी मी तिथे धावायची. पडले तीही तिथेच. फिल्म जरा तिरकी केली की टेकडीची पायवाट बरोब्बर हाडावर यायची. धावणारी माणसं खालून हाडात शिरायची, फटीत क्षणभर नाहीशी व्हायची आणि वर निघायची. तेवढा क्षण प्लास्टरमधला पाय ठणकायचा.

"किती वेळ बघशील गं ते हाड? चहा गार झाला," सासूबाई म्हणायच्या.

काल प्लास्टर निघालं. नवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "छान जुळलंय. फट बुजली."

फट बुजताना आत कुणी असलं तर?

आज सकाळी नवी फिल्म काचेवर धरली. एक बाई धावत आली, माझ्यासारखाच डावा खांदा पाडून. हाडात शिरली, फट होती तिथवर आली आणि वर निघालीच नाही.

मी फिल्म खाली घेतली. टेकडीवर कुणीच नव्हतं. दोन महिने न हललेला माझा पाय मात्र घामाने निथळत होता.