नवरात्रातला दिवा आणि माझा मोतीबिंदू

माझी देवीवर पक्की श्रद्धा आहे, असं मी चारचौघांत नेहमी सांगतो. पण एकदा मी तिलाच फसवायला निघालो होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी देवासचा शिंपी. आमचे पूर्वज मराठी सरदारांच्या दरबाराबरोबर या हिंदी मुलखात अंगरखे शिवायला आले आणि इथलेच झाले. गेल्या साली माझे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धुरकटले. मरून ब्लाउजला मी हिरव्या दोऱ्याने तुरपाई केली, तेव्हा गिऱ्हाईक बाई म्हणाली, "भिया, ये कौन सी फैशन है?" डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि माझं धाबं दणाणलं. लहानपणी काकांच्या डोळ्यांवरची पट्टी निघताना मी समोर उभा होतो. पट्टी निघाली, आणि काका म्हणाले, "पट्टी सोडा की आता." ते वाक्य माझ्या पोटात तेव्हापासून बसलेलं आहे. आता काळ बदलला, हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसतात आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. नावालाच अखंड. कधी पंखा घात करतो, कधी उंदीर वात पळवतो, मग आम्ही माफी मागून पुन्हा लावतो. हे ठाऊक असूनच मी बायकोच्या देखत देवीला हात जोडले, "आई, दिवा नऊ दिवस विझला नाही तर ऑपरेशन करीन. विझला तर तुझी इच्छा नाही असं समजेन." बायको एवढंच म्हणाली, "तेल मी घालेन."

चार दिवस झाले तरी दिवा आपला जळतोच आहे! मी हळूच पंखा पाचावर करायचो, ती येऊन बंद करायची. पाचव्या दिवशी सकाळी खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. मी देवघरात डोकावलो तर समईत ज्योतच नाही. मनातून असा आनंद झाला की लाज वाटावी. तो लपवून मी रडक्या आवाजात हाक मारली, "अगं, दिवा विझला गं! आईचा कौल मिळाला. ऑपरेशन कॅन्सल!"

बायको ओल्या हातांनी धावत आली. तेवढ्यात दारात खांद्यावर सिलिंडर घेतलेला एक माणूस उभा राहिला. नेहमीचा नव्हता, आणि सिलिंडरही आमचं नव्हतं, शेजारच्यांचं होतं. त्याने उंबऱ्यातूनच आत बघितलं आणि म्हणाला, "काँ बुझा काकाजी? जल तो रिया है!"

मी हात पुढे केला तर बोटाला चटका बसला. हातभर अंतरावरचा जळता दिवा मला दिसला नव्हता. बायको म्हणाली, "अहो, इतकं दिसेनासं झालंय?" आणि ती रडू लागली. मला मात्र काका आठवले. ज्या अंधाराला मी घाबरत होतो, त्यात मी केव्हाच जाऊन बसलो होतो. तो माणूस माफी मागून शेजारी गेला, पुन्हा कधी आला नाही.

उरलेले चार दिवस मी पंख्याला हात लावला नाही. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसला डॉक्टरांच्या कोटाचा तुटलेला टाका, आणि मी आईचे मनोमन पाय धरले.

घरी येऊन देवघरासमोर बसलो. सगळं स्वच्छ दिसत होतं, भिंतीवरची काजळीसुद्धा. आणि देवीच्या तसबिरीमागे एक काडेपेटी. आमची काडेपेटी स्वयंपाकघरात असते. हातात घेतली, तर अर्धी रिकामी. न विझणाऱ्या दिव्याला इतक्या काड्या कशाला लागल्या? मी बायकोकडे वळलो. ती थेंबांची बाटली घेऊन उभी होती. तिच्या बोटांवर भाजल्याचे बारीक डाग होते, तेही मला आजच दिसले.

"औषधाची वेळ झाली," ती म्हणाली. "बोलू नका, वर बघा."

कृपा कुणाच्या हातून आली हे विचारू नये, घ्यावी, एवढं मी त्या दिवशी शिकलो. काडेपेटी होती तिथे ठेवली आणि मान वर केली.