रविवारी पोचलेलं पत्र

शाळेत तिला सगळे ‘शंका’ म्हणायचे. सर फळ्यावरचं गणित संपवून हात झटकत वळले, की हिचा हात वर. “सर, एक शंका आहे.” मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “लघु की दीर्घ?” वर्ग खो-खो हसायचा. तीही हसायची आणि मग असं काही विचारायची, की सरांना डस्टर उचलून अर्धा फळा पुसावा लागायचा.

वर्गात ती पहिली, मी दुसरी. पाचवीपासून त्यात फरक पडला नव्हता. मी पहाटे उठून घोकायची. ती धाकट्या भावंडांचं आवरून, आईला शिवणात मदत करून धावतपळत यायची आणि तरी माझ्या पुढे जायची. आमचं वाकडं नव्हतं. एकाच बाकावर बसायचो. पण निकालाच्या दिवशी मी आधी तिचे गुण बघायची, मग माझे.

दहावीत गणिताची एक मोठी परीक्षा झाली. शाळेतून एकाचीच निवड होणार होती. निवडलेल्यांना दुसऱ्या शहरात ठेवून, नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली तयार करणार होते. पत्र आलं, त्यावर तिचं नाव होतं. नेमकी त्याच आठवड्यात तिची आई आजारी पडली आणि ती शाळेत येईना. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं.

“तू तिच्या घराजवळच राहतेस ना? आजच दे. वडिलांची सही होऊन शनिवारपर्यंत परत यायला हवं. नाहीतर दुसऱ्या नंबरचं नाव कळवावं लागेल.”

दुसरा नंबर कोणाचा, हे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

सोमवारी पत्र दप्तरातच राहिलं. खरंच विसरले होते. मंगळवारी विसरले नव्हते. गुरुवारी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. शनिवारी बाईंना सांगितलं, “त्यांच्या घराला कुलूप असतं.” रविवारी सकाळी मी पत्र नेऊन दिलं.

तिने तारीख वाचली. पुन्हा वाचली.

“मला ताप होता गं,” मी म्हणाले.

तिने माझ्या कपाळाला हात लावला. “अजून कणकण आहे. अशात कशाला आलीस? धाकट्याला पाठवलं असतं मी.”

ताप नव्हता. अंग तापलं होतं ते शरमेने.

तिच्या जागी मी गेले. शिकले. आज कॉलेजात गणित शिकवते. तिच्या आईचं दुखणं लांबलं. बारावीनंतर तिने शिक्षण सोडलं आणि चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात लागली. तिथेही तिने नाव काढलं. ज्या नंबरापुढे इतर कारागीर हात टेकायचे, तो तिच्या टेबलावर यायचा. चाळिशी लागल्यावर मीही तिच्याकडेच गेले. निळा एप्रन, बोटांना पांढरी भुकटी. भिंग उजेडाकडे धरून एक डोळा मिटून ती म्हणाली, “काय प्राध्यापकबाई, अजून गणितं सोडवतेस, की नुसती शिकवतेस?”

“नुसती शिकवते.”

“मी सोडवते,” ती म्हणाली आणि टेबलाखालून एक जाडजूड वही काढून दाखवली. मुंगीएवढ्या अक्षरात पानंच्या पानं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मला बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात ती गेली. काम करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला आठ दिवसांनी कळलं. भेटायला गेले तर तिच्या नवऱ्याने मला लगेच ओळखलं.

“तुमचं नाव सारखं घ्यायची. तापाने फणफणत पत्र घेऊन आलात ना? आमच्या लेकीला तर ती गोष्ट पाठ आहे. मैत्रीण असावी तर अशी, म्हणायची.”

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, शनिवारच्या कुलपासकट.  तो म्हणाला, “हे तिला सांगायचं होतं. मला सांगून काय उपयोग?”

“चुकलं माझं.”

“ते चुकलंच,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “पण पोरीला सांगू नका. आईची एक चांगली आठवण आहे तिच्याकडे. तुमचं ओझं हलकं करायला तिची आठवण नका मोडू.”

मी मान हलवली.

त्यांची लेक मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली. तीही दहावीतच आहे. “मावशी, आई शाळेत कशी होती?” तिने विचारलं. मी सांगू लागले. सहामाहीच्या पेपरात छापलेलंच गणित चुकीचं होतं. आम्ही सगळ्यांनी ओढूनताणून उत्तर काढलं आणि हिने एकटीने लिहिलं, ‘असा त्रिकोण असूच शकत नाही.’ मुलगी हसली, मग रडली, मग म्हणाली, “अजून सांगा ना.”

बस आली. मी बसले नाही. त्यानंतरचीही सोडली. पत्र सोडून आठवलं ते सगळं सांगत राहिले.