सोमवारचा न ऐकू आलेला प्रश्न

टाल्बर्ट गावच्या कोर्टात जजसाहेबांना मध्येच तोडायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस म्हणजे लोरीन हॅचर. एकतीस वर्षं ही बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ आपलं छोटं टिपणयंत्र मांडून बसली आणि बोललेला शब्द न्‌ शब्द टिपत राहिली. खुनाचा खटला असो की कुंपणाचं भांडण, शब्द नीट कानावर आला नाही की हिचा डावा हात वर. "थांबा. ऐकू आलं नाही. पुन्हा बोला." वकील कितीही रंगात आलेला असो, मुकाट्यानं पुन्हा बोलायचा. एकदा खुद्द जजसाहेब तोंडात खोकल्याची गोळी ठेवून निकाल वाचत होते, तर हिनं त्यांना ती काढायला लावली होती.

अशी बाई निवृत्त होऊन घरी गप्प बसेल होय? तिचा थोरला भाऊ ह्युएल लाकडाच्या गिरणीत राबला, आणि करवतीच्या आवाजानं त्याचे दोन्ही कान नेले. म्हातारा कॉलेजच्या फुटबॉलवर, त्या हेल्मेट घालून हातांनी चेंडू झेलायच्या खेळावर, जीव टाकतो. शनिवारचा सामना डोळ्यांनी बघता येतो, पण सोमवारी दुपारी कोच पत्रकारांपुढे बसतो, त्या बोलण्याचं काय? कॉलेज त्याचा व्हिडिओ टाकतं, पण खाली अक्षरं नसतात. मग लोरीन तो ऐकून टाइप करून द्यायला लागली. गावात ऐकायला कमी येणारे पुष्कळ, गिरणीच तशी होती. त्यांनीही कागद मागितला. शेवटी रॉयस न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी तो दर मंगळवारी लागायला लागला. पैज लागली की लोक म्हणायचे, "मिस लोरीनच्या कागदात आहे का? मग वाद सोड."

आता तो व्हिडिओ कसा, ते ऐका. अख्ख्या खोलीत माइक एकच, तोही कोचच्या हनुवटीखाली. कॅमेरा मागच्या भिंतीला, आणि भिंतीपलीकडे बर्फाचे तुकडे पाडणारं यंत्र, ते अखंड घरघरतंय. कोच बोलतो ते कसंबसं कळतं. पण पत्रकारांचे प्रश्न? विहिरीत पडलेल्या माणसानं हाक मारावी तसे! मागच्या टेबलांवर संघाला देणगी देणारी, गळ्यात कार्ड घातलेली मंडळी तळलेली कोंबडी खात बसलेली असतात, त्यांनी हाड फोडलं की ते मात्र स्वच्छ ऐकू येतं. कोच म्हणणार, "नाही." मग म्हणणार, "होय, बऱ्यापैकी." मग म्हणणार, "ते मी बोलणार नाही." अरे पण कशाबद्दल, बाबा?

लोरीननं कॉलेजला अकरा पत्रं लिहिली. प्रसिद्धी खात्यातला चिप दर वेळी फोनवर गोड बोलायचा. "मिस लोरीन, व्हिडिओ फुकट आहे ना आपला?"

"फुकट मिळालं म्हणून कुजकं अंडं खातोस का रे तू?" लोरीन म्हणायची.

चिप हसायचा आणि माइक तिथल्या तिथेच राहायचा. तेव्हा ती कोर्टातली शिस्त पाळायची. कंसात लिहायची, 'प्रश्न ऐकू आला नाही', आणि खाली एक ओळ कोरी सोडायची. अंदाजानं एक अक्षर भरायची नाही. शेवटी सही, आणि सहीवर वाक्य: जे ऐकलं तेच लिहिलं.

त्या ऑक्टोबरात संघ घरच्या मैदानावर चार गुणांनी हरला. चेंडू झेलणारा केंड्रिक मेबरी, गावातलाच पोरगा, वीस वर्षांचा, त्याच्या हातून उत्तरार्धात दोन सोपे चेंडू सुटले. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना तो हेल्मेट काढून बाकावर जाऊन बसला. रविवारी त्याच्या उजव्या हाताला प्लास्टर आलं. गाव म्हणालं, आता बरं प्लास्टर सुचलं! सोमवारी कोच ब्रँटली पत्रकारांपुढे बसला. व्हिडिओच्या चौदाव्या मिनिटाला कुणीतरी लांबलचक काहीतरी विचारलं, बर्फाचं यंत्र घरघरलं, आणि कोच म्हणाला, "केंड्रिकचं म्हणाल, तर ते त्याचं त्यानं ठरवलं. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. पुढचा प्रश्न."

लोरीननं कान फुटेस्तोवर ऐकलं. प्रश्न काही लागेना. तिनं कंस घातला, ओळ कोरी सोडली, सही केली.

बुधवारी केंड्रिकची आई तिच्या दारात उभी. ओटेलिया मेबरी, शाळेची बस चालवते, धिप्पाड बाई, आवाज असा की मागच्या सीटवरचं भांडण आरशात न बघता थांबवते. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती. तिनं एक कागद पुढे केला. लोरीनचाच कागद. पण कोऱ्या ओळीत निळ्या बॉलपेननं कुणीतरी लिहिलं होतं, 'केंड्रिक सामना सोडून का गेला?' खाली कोचचं उत्तर, आणि त्याखाली लोरीनची सही.

"याच्या प्रती निघाल्यात," ओटेलिया म्हणाली. "पेट्रोल पंपावर आहे, चर्चच्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या बसच्या काचेला चिकटवला होता, मिस लोरीन. वर पळपुटा लिहून."

"हे अक्षर माझं नाही."

"ते मला दिसतंय. सही तुमची आहे."

लोरीनला झोंबलं. आणि झोंबायलाच पाहिजे होतं. तिनं पर्स उचलली आणि तडक रॉयसच्या दुकानात गेली. रॉयस गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून उभा होता.

"कुणी लिहिलं हे?"

"मी लिहिलं, मॅडम," रॉयस म्हणाला. त्याला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. "जागा मोकळी होती. आणि दुसरं काय विचारलं असणार? सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक असतं तर कोर्ट कशाला बांधलं असतं, गाढवा? मी जागा सोडली ती खरं माहीत असलेल्यानं भरावी म्हणून. तुझं डोकं रिकामं आहे म्हणून माझी ओळ भरायची नाही!" तिनं कागद ओढून काढला, आरशाच्या कडेला त्याचा कोपरा तेवढा चिकटून राहिला. पण बाहेर गेलेल्या प्रती कशा ओढून आणणार?

केंड्रिक स्वतः बोलत का नाही, असं तुम्ही म्हणाल. अहो, संघाचा नियमच तसा. परवानगीशिवाय तोंड उघडलं की शिष्यवृत्ती धोक्यात. पोरगा घरी प्लास्टरकडे बघत बसला होता, आईशीसुद्धा धड बोलत नव्हता.

ह्युएलही दरवर्षी संघाला थोडी देणगी द्यायचा; पुढच्या सोमवारी लोरीननं त्याचं देणगीदाराचं कार्ड गळ्यात घातलं, कपाटातलं टिपणयंत्र काढलं आणि कॉलेजात गेली. मागच्या टेबलांवर कोंबडी खायला बसली नाही. थेट पहिल्या रांगेपुढे गेली, तिपाई उघडली, यंत्र मांडलं.

चिप धावत आला. "मिस लोरीन, इथे फक्त पत्रकार बसतात."

"मी बसलेय. उठवून बघ."

पंचाहत्तर वर्षांच्या बाईला सगळ्यांदेखत उठवणार कोण? कोच आला, खुर्चीत बसला. तिसऱ्या रांगेतून पहिला प्रश्न पुटपुटला गेला. कोचनं तोंड उघडलं आणि लोरीनचा डावा हात वर गेला.

"थांबा. प्रश्न ऐकू आला नाही. पुन्हा विचारा."

कोच ब्रँटलीला त्याच्या खोलीत थांबवणारं आजवर कुणी जन्माला आलं नव्हतं. तो हसला. "मॅडम, लोक माझं उत्तर ऐकायला येतात."

"प्रश्न नसलेलं उत्तर कुणाच्याही गळ्यात मारता येतं, कोच. मागच्या सोमवारी ते एका पोराच्या गळ्यात मारलं गेलं, माझ्या सहीनिशी. चौदाव्या मिनिटाला प्रश्न कुणी विचारला होता?" ती वळली आणि पत्रकारांकडे एकेक करून बघू लागली. "मी थांबते. मला घाई नाही."

एकेकानं मान खाली घातली. सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण बोललं तर सोमवारची खुर्ची जाते आणि खुर्ची गेली की बातमी जाते. अखेर गावच्या पेपरातला ग्रेडी पूल नावाचा पत्रकार उठला. त्याची कानशिलं लाल झाली होती.

"मी विचारला होता," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"मी विचारलं होतं, की केंड्रिकचं हाड पूर्वार्धातच मोडलं होतं, संघाच्या डॉक्टरनं मैदानाशेजारी हात तपासताना मी पाहिलं, तरी उत्तरार्धात त्याला पुन्हा खेळायला उतरवायचं कुणी ठरवलं?"

मागचे काटेचमचे थांबले. लोरीनची बोटं तेवढी चालू होती. म्हणजे सोडून गेला नव्हता पोरगा! मोडल्या हातानं निम्म्याहून जास्त उत्तरार्ध खेळला होता, आणि गाव त्याला पळपुटा म्हणत होतं.

"हे काढून टाका," कोच म्हणाला.

"काढून टाका म्हणायचा अधिकार जजला असतो," लोरीन म्हणाली. "तुम्ही कोच आहात. तुमचं त्यावरचं उत्तर माझ्याकडे आहे. वाचून दाखवू?" आणि हो-नाहीची वाट न बघता तिनं सपाट आवाजात वाचलं. 'ते त्याचं त्यानं ठरवलं. मी कुणावर जबरदस्ती करत नाही.'

कोच उठून गेला. चिपनं दारातच ह्युएलचं कार्ड काढून घेतलं. मंगळवारी नवा कागद लागला, आणि तो लोरीननं रॉयसलाच भर दुकानात मोठ्यानं वाचायला लावला. दुकानात बसलेल्यांपैकी दोघं पंपावरच्या प्रती काढायला आपणहून गेले. लोरीनला वाटलं, झालं आपलं काम.

संध्याकाळी ओटेलिया आली. लोरीनला वाटलं, आभार मानेल. बाईनं नवा कागद टेबलावर ठेवला आणि कोचच्या ओळीवर बोट टेकवलं.

"मी त्याला हे दाखवलं," ती म्हणाली. "म्हटलं, बाळा, हे तू ठरवलंस? मोडलेल्या हातानं? तर म्हणाला, मम्मा, मला कुणी विचारलंच नाही. हातमोजा चढवला, पट्टी आवळली आणि मैदानात ढकललं. शेवटी मीच बाकावर जाऊन बसलो, तर आठवडाभर कुणी माझ्याशी बोललं नाही."

लोरीन म्हणाली, "सोमवारी चल."

"तुमचं कार्ड नेलं ना त्यांनी?"

"माझं नेलं. तू आई आहेस."

आणि ते खरंच होतं. खेळाडूच्या आईला दारात अडवायची छाती टाल्बर्टात कुणाची नाही. गेल्या वर्षी एका आईला अडवलं, तर मंगळवारी निम्म्या संघाच्या आया येऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. सोमवारी ओटेलिया बसच्या गणवेशातच आली, मागोमाग यंत्र घेऊन लोरीन. ओटेलियाला सोडून चिप लोरीनपुढे हात पसरून उभा राहिला.

"ह्या?" त्यानं लोरीनच्या यंत्राकडे बोट केलं.

"त्या माझ्याबरोबर आहेत," ओटेलिया म्हणाली. "सरक."

ती मागे बसली नाही, पहिल्या रांगेतही बसली नाही. चालत चालत कोचच्या टेबलाला पोट टेकेपर्यंत गेली, त्या एकुलत्या एक माइकशी वाकली आणि बसमध्ये बोलते त्या आवाजात बोलली. बर्फाचं यंत्र कुठल्या कुठे बुडालं.

"मी केंड्रिकची आई. तुम्ही म्हणालात, त्यानं ठरवलं. त्याला विचारलं कुणी? नाव सांगा."

त्या सीझनच्या सगळ्या व्हिडिओंत स्वच्छ ऐकू येणारा तेवढा एकच प्रश्न आहे. कॉलेजनं तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी काढून टाकला, पण तोवर गावानं पाहिला होता. कोच माइककडे बघतो, मग चिपकडे, मग टेबलाकडे. ओटेलिया हलत नाही. तिच्यामागे लोरीन यंत्रावर बोटं ठेवून बसली आहे, आणि बोटं थांबलेली आहेत, कारण टिपायला काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट जातं. मग तिची बोटं एकदाच चालतात, आणि तिनं जे टिपलं ते आजही रॉयसच्या दुकानात लागलेलं आहे: कोच ब्रँटली यांनी उत्तर दिलं नाही.