चौक हा शब्द मी काढून टाकला

रविवारी दुपारी गिऱ्हाईक येणार होतं, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी आमची टोइंगची गाडी बघायला. पसंत पडली तर तो ती तिथूनच घेऊन जाणार होता आणि नवरा कुंभिवलीच्या एका कंपनीत शिफ्टला लागणार होता. मुंबई-पुणे जुन्या हायवेवरच्या चौक गावातल्या आमच्या गॅरेजात नवऱ्याने आणि सासऱ्यांनी एका जुन्या टेंपोपासून ही गाडी स्वतः उभी केली होती. मागची क्रेन वेल्ड करताना नवऱ्याचा हात भाजला, त्याचा डाग अजून आहे. ती विकायचं ठरल्यापासून तो घरात धड बोलत नव्हता. मला मात्र राग येत होता, सगळ्यांचाच.

हायवेवर गाड्या बंद पडायच्या काही थांबल्या नव्हत्या, फोन मात्र थांबले होते. पूर्वी माणूस धाब्यावर विचारायचा, धाबेवाला सासऱ्यांना फोन लावायचा. आता माणूस गाडीतून उतरायच्या आधी मोबाईल काढतो. म्हणून मी सर्चवर जाहिरात सुरू केली होती. लोक शोधताना काय लिहितील ते शब्द आपण आधीच निवडून ठेवायचे, त्यांना कीवर्ड म्हणतात. शब्द जुळला की आपली जाहिरात वर दिसते आणि तिच्यावर कोणी बोट ठेवलं की आपले पैसे कापले जातात, पुढे फोन येवो न येवो.

शब्द सासऱ्यांनी सांगितले होते. चौक क्रेन, चौक गॅरेज, खालापूर क्रेन. टोइंगच्या गाडीला इकडे क्रेनच म्हणतात. "चौकातलं गॅरेज कुणाला ठाऊक नाय?" असं त्यांचं म्हणणं. पण 'क्रेन' बघून येणाऱ्यांत कुणाला क्रेनवर नोकरी हवी होती, कुणाला बिल्डिंगच्या कामाला क्रेन हवी होती, एकाला तर मुलासाठी खेळण्यातली हवी होती. मी नोकरी, बिल्डिंग, खेळणी असले शब्द बंद करून टाकले. तेव्हापासून जाहिरातीला कोणी हातही लावेना.

शनिवारी एक माणूस घामाघूम होऊन चालत गॅरेजात आला. त्याची गाडी अलीकडच्या वळणावर बंद पडली होती, बायको गाडीत बसून होती.

"चालत कशाला आलात? नेटवर आमचा नंबर हाय की," सासरे म्हणाले.

"बघितलं ना काका. 'लोणावळा टोइंग' टाकलं. तिकडचे म्हणाले, यायला दोन तास लागतील."

"पण तुमी चौकात हाय!"

"हे चौक आहे का?" त्याने आजूबाजूला बघत विचारलं.

नवरा त्याची गाडी चालू करून द्यायला गेला. सासरे पोट धरून हसले. माणसाला आपण कुठं उभं हाय ते ठाऊक नाय म्हणजे कमाल झाली, म्हणाले. मला हसू आलं नाही. आम्ही जिथे जन्म काढतो ते गाव त्या माणसाच्या लेखी रस्त्याचा एक तुकडा होता. अडकलेला माणूस आपण कुठे आहोत ते लिहीत नाही, कुठे निघालो होतो ते लिहितो.

रविवारी सकाळी मी मोबाईल घेऊन बसले. लोणावळा टोइंग, लोणावळा रोड गाडी बंद, मुंबई पुणे जुना हायवे ब्रेकडाऊन. जाहिरात दिसणार मात्र चौकपासून खोपोलीपर्यंतच्याच मोबाईलवर, कारण खऱ्या लोणावळ्यात बसलेला माणूस आमच्या काय कामाचा? सासरे मागे येऊन उभे राहिले.

"आमी काय लोणावळ्याचे हाय का गं? गाडीवर लाल अक्षरात चौक लिवलंय."

"ऱ्हाऊ दे ना बाबा," नवरा म्हणाला, "आज गाडीच जाणार हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणाला काही न विचारता मी जाहिरातीतून 'चौक' हा शब्दच काढून टाकला.

मग वाट बघणं. जाहिरातीवर एकाने बोट ठेवलं, फोन नाही. जेवणाच्या वेळी दुसऱ्याने ठेवलं आणि गॅरेजचा फोन वाजला. ठोकाठोकीने सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यांनी तो उचलून सवयीने "चौक गॅरेज!" म्हटलं. "चौक? नको, आम्हाला लोणावळ्याचा हवा होता," असं म्हणून पलीकडच्याने ठेवून दिला. सासरे फोनकडे बघत राहिले. मी भांडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून ताटं उचलायला लागले.

गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा लवकर आलं. त्याने पत्रा वाजवून बघितला, हुक ओढून बघितला, ड्रायव्हर सीटवर बसून इंजिन चालू केलं. नवरा लांब पाठमोरा उभा होता. "ठीक आहे," म्हणत माणूस खाली उतरला, किल्ली त्याच्याच मुठीत. मी चहा आणला. त्याच्या हातात न देता कप बाकड्यावरच ठेवला.

फोन वाजला. बाईचा आवाज, घाबरलेला. मागे लहान मुलं रडत होती.

"काका, गाडी बंद पडलीय आमची. तुम्ही लोणावळ्याचेच ना?"

सासऱ्यांनी गाडीवरच्या लाल अक्षरांकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या गावचं नाव स्वतःला लावलेलं नाही. कापेल ती फोन, आत्ता कापेल, एवढंच माझ्या मनात.

"हॅलो? लोणावळ्याचेच ना?"

"हां ताई," सासरे म्हणाले, "लोणावळ्याचेच. समोर काय दिसतंय तुमाला?"

"रसवंती आहे, बंद. बाजूला निळी पाण्याची टाकी."

ती टाकी आमच्या गॅरेजापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवरा वळला, गिऱ्हाइकासमोर येऊन त्याने हात पुढे केला आणि त्या माणसाने काही न कळून किल्ली त्यावर ठेवली. गाडी फाटकातून बाहेर पडली.

"अहो, मग गाडीचं काय?" थोड्या वेळाने त्या माणसाने विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"गाडी कामाला गेलीय," ते म्हणाले. "तुमी चहा घ्या."