पिकल्या भेदऱ्याची साल

"लागत तं नाही ना?"

दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो आधी हे विचारायचा आणि मगच आत यायचा. आत येणंही सरळ नव्हतं. एका हातानं धोतराचा सोगा आवरून, काचेच्या कपाटाच्या कोपऱ्यापासून हातभर लांबून, अंग चोरत चोरत तो खुर्चीपर्यंत पोचायचा. खुर्चीलाही खिळा वगैरे वर आलाय का हे तळहातानं चाचपून बघायचा. बसल्यावर कोटाच्या खिशातून एक पिकलेला टोमॅटो काढून माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "काढा भाऊ मशीन."

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा नाशकाकडचा. अमरावतीच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानात नुकताच नोकरीला लागलो होतो. बल्ब, पंखे, इस्त्र्या हा आमचा मुख्य माल. त्यातच विजेवर चालणारी दाढीची तीन यंत्रंही होती. ती मालकांनी हौसेनं आणून ठेवली होती आणि कोणी विकत घेत नव्हतं. गावात वीज मोजक्या घरांत, आणि ज्यांच्या घरात वीज त्यांच्या दाराशी सकाळी न्हावी हजर. यंत्र कशाला हवं?

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा पायरीवरूनच म्हणाला, "भेदरं आणलं आहे." मला वाटलं, माणूस घाबरला आहे आणि तसं सांगतो आहे. मी मोठ्या समजूतदारपणे म्हणालो, "भेदरू नका हो. या, बसा. पाणी घ्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं खिशातून टोमॅटो काढला. मालक गल्ल्यामागे इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दुकानात त्याचं नावच भेदरं पडलं. त्याच्या पाठीमागे मीही तेच म्हणायचो. पुढे त्याच्या भीतीचं कारण कळलं, त्यानंतर नाही म्हणालो.

गावाच्या कडेला त्याची बाग होती. शेवंती, झेंडू, मोगरा, आणि थोडा भाजीपाला. फुलं अंबादेवीच्या देवळाकडे जायची. गुलाब मात्र एक झाड नाही. मी एकदा विचारलं, "गुलाब का नाही लावत?"

"काटा असते," तो म्हणाला.

विळा, खुरपं, कोयता, सगळं त्याची आई चालवायची. साठी उलटलेली बाई गवत कापायची आणि हा चाळिशीचा गडी टोपली धरून उभा. लोक हसायचे. त्यात त्याला छातीपर्यंत दाढी, तीही कात्रीनं लांबूनच छाटलेली. बाजारात त्याला कोणी बुवा म्हणायचं, कोणी महाराज. लग्न केलेलं नव्हतं. मला तो नुसता भित्रा माणूस वाटायचा, आणि मी त्याची थट्टा करून घ्यायचो. "पंखा लावू का? की वाऱ्याचीही भीती आहे?" तो हसायचा, पण नजर पंख्याच्या पात्यांवर.

यंत्राची परीक्षा तो टोमॅटोवर करायचा. असं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही. पिकून मऊ झालेला टोमॅटो डाव्या हातात धरायचा आणि मला म्हणायचा, "फिरवा याच्यावरून." स्वतः बटणाला हात लावायचा नाही. मी यंत्र फिरवायचो. मग तो टोमॅटो उजेडाकडे नेऊन, डोळ्याशी धरून सालीवर रस फुटलाय का ते शोधायचा.

पहिल्या यंत्रानं साल ओरबाडली. रसाचा एवढासा थेंब आला आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला. "ठेवून द्या, ठेवून द्या," तो म्हणाला आणि त्या आठवड्यात पुन्हा फिरकला नाही. दुसऱ्यानं साल सोडली, पण ते इतकं तापलं की माझीच बोटं भाजली. तिसरं बदली होऊन गेलेल्या एका साहेबाच्या सामानातून आलेलं जुनं यंत्र होतं. त्याच्या तोंडाशी बारीक भोकांची पातळ जाळी होती, आणि पातं त्या जाळीच्या आत फिरायचं. त्यानं टोमॅटोला काही केलं नाही. तो पुढच्या आठवड्यात आणखी पिकलेला टोमॅटो घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून पिकलेला. एकदा तर हातातच फुटेल इतका. साल शाबूत.

"आता तरी घ्या," मी वैतागून म्हणालो. "दाढीला याच्याइतकं मऊ काही मिळणार नाही."

"दाढीसाठी नाही पाहून राहिलो," तो म्हणाला. "डोक्यासाठी."

मला हसू आवरेना. डोकं कोणी विजेच्या यंत्रानं भादरतं का? पण तो हसला नाही. त्यानं मालकांकडे पाहिलं, ते हिशेबात गढलेले दिसल्यावर खुर्ची पुढे ओढली आणि खालच्या आवाजात बोलू लागला. विसाव्या वर्षी त्यानं दाढ काढली होती. आठ दिवस रक्त थांबलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, याचं रक्त गोठत नाही, याला जपा. तेव्हापासून तो असा जपून राहत होता. दाढी न करता जगता येत होतं. पण आई थकत चालली होती. एकुलता एक मुलगा. ती गेली की दहाव्याला डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवावं लागणार. आणि भाऊबंदांच्या देखत न्हावी वस्तरा काढणार.

"आई जिती हाये अन् मी तिच्या दहाव्याची मशीन पाहून राहिलो," तो म्हणाला. "पाप लागन मले. पण भेव लागते भाऊ. लय भेव लागते."

मी त्याच्या टोमॅटोकडे पाहत राहिलो. इतके आठवडे मी त्याला हसलो होतो, याची मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्या क्षणापासून मलाही भीती वाटायला लागली. रोज सकाळी गालावर वस्तरा फिरताना मी श्वास धरून बसायचो.

पुढच्या आठवड्यात त्याच्याऐवजी त्याची आईच आली. काळीसावळी, काटक, पदर खोचलेला. मला वाटलं, आता काही खरं नाही, माझ्या मरणाची तयारी करतोस का म्हणून ही माझीच खरडपट्टी काढणार. ती पायरीवर थांबली नाही. थेट आत येऊन म्हणाली, "ते मशीन दाखव बापू. माह्यासाठीच घेऊन राहिला ना तो. मंग मी पाहते."

मी यंत्र सुरू केलं. तिनं ते हातात घेतलं, मनगटावरून फिरवलं, मग गालावरून, मग कानामागून. कानामागे बराच वेळ. बंद केल्यावर बोटं लावून बघितली. बोटं कोरडी होती.

"माह्या भावाले अठीसा लागला होता वस्तरा," कानामागे बोट ठेवून ती म्हणाली. "आमच्या बापाच्या दहाव्याले. एवढुसाक. न्हाव्यानं हळद दाबली, राख दाबली. बापाच्या तेरवीच्या आधीच भाऊ गेला." "माह्या माहेरचं रक्त हाये हे. मीच देल्लं त्याले."

जाता जाता ती वळून म्हणाली, "कोणाले सांगू नको बापू. माह्या पोरीच्या पोरी लग्नाच्या हायेत. घराले बोल लागन."

ते यंत्र मी कागदात गुंडाळून कपाटात वेगळं काढून ठेवलं. बागेत वीज नव्हती, तेव्हा ते दुकानातच राहणार हे ठरलेलं होतं. पुढच्या थंडीत ती गेली.

दहाव्या दिवशी सकाळी तो, चारपाच भाऊबंद आणि त्यांचा पिढीजात न्हावी दुकानाच्या मागच्या अंगणात आले. मालकांनी सुतकाचं कारण सांगून आधी नकार दिला होता, पण मी हट्ट धरल्यावर खिडकीतून वायर बाहेर काढू दिली. भाऊबंदांत मोठा होता त्याचा चुलता, तिवशाचा, आवाजानं जबर. त्याला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "नाल्यावर होते ते काम दुकानात करून राहिले," तो सारखा म्हणत होता. न्हावी यंत्राला हात लावायला तयार नव्हता. त्यानं कात्रीनं केस अगदी बारीक करून दिले आणि तो भिंतीशी जाऊन बसला. तेव्हा यंत्र माझ्याच हाती आलं. मी उभ्या जन्मात कोणाची दाढी केलेली नव्हती.

"लागत तं नाही ना?" त्यानं विचारलं. खरं तर हे मी त्याला विचारायला हवं होतं.

दाढी झाली. मिशी झाली. डोक्याची डावी बाजू झाली. कानामागे आलो तेव्हा मी यंत्र दोन्ही हातांनी धरलं. त्यानं डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. कान पार पडला. आणि यंत्र गप्प झालं.

वीज गेली होती. अर्धा तास बसलो. तास झाला. ऊन चढलं. पिंडाची वेळ टळत चालली. चुलता उठला. "अर्ध्या डोक्यानं पिंड ठेवते का कोणी? चाल रे, काढ वस्तरा. उजवीकडचं दोन मिनिटाचं काम."

न्हावी उठला. पाण्याचा हात त्या उरलेल्या केसांवरून फिरवला. वस्तरा उघडल्याचा आवाज झाला. न्हाव्यासमोर बसलेल्या त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो ओरडला नाही, उठून पळाला नाही. नुसता पाहत राहिला. बोलला असता तर भाच्यांची लग्नं मोडली असती. मी बोललो असतो तरी मोडली असती.

"थांबा," मी म्हणालो. "त्या डोक्याला लोखंड लावू नका. यंत्र फिरलेल्या डोक्यात दिवसभर करंट राहतो. त्यात आता पाणी लावलंत. वस्तरा टेकवाल तर धरणाऱ्याला झटका बसेल."

इतकं धडधडीत खोटं मी गिऱ्हाइकाशीही कधी बोललो नव्हतो. न्हाव्याचा हात जागच्या जागी थिजला. चुलता दोन पावलं मागे सरला.

"करंट लागते?" त्यानं विचारलं.

"लागतो."

"माणूस मरते?"

"मरतो," मी म्हणालो. ते मात्र खोटं नव्हतं.

न्हाव्यानं वस्तरा मिटून पेटीत टाकला. चुलत्यानं खांद्यावरचा शेला काढून लांबूनच पुतण्याकडे फेकला. "झाक," तो म्हणाला. "अन् चाल."

नाल्याच्या काठावर पिंड ठेवलं तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती. विधी अर्धवट झाला, म्हातारी नाराज असणार, कावळा काही शिवत नाही. चुलत्यानं घसा खाकरून हात जोडले, काय काय वचनं द्यायची याची तयारी केली. पुतण्या डोक्यावरचा शेला गच्च धरून उभा होता. पण कोणी तोंड उघडायच्या आतच कावळा आला, पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन उडाला. तेव्हा तो रडला. दहा दिवसांत पहिल्यांदाच, असं त्याची बहीण म्हणाली.

राहिलेलं डोकं संध्याकाळी वीज आल्यावर मी पुरं केलं. त्यानंतर दर शनिवारी तो दुकानात यायचा आणि मी त्याची दाढी करायचो. दाढीखालचा चेहरा कोवळा होता, त्याच्या वयाला न शोभणारा. हळूहळू तो खुर्ची चाचपायचा थांबला. टोमॅटो आणायचा, पण ते माझ्या घरी न्यायला. पायरीवरचा प्रश्न तेवढा सुटला नाही.

मग काही वर्षांनी एका शनिवारी तो आला नाही. धाकट्या भाचीच्या लग्नाला कारंजाला निघाला होता. मूर्तिजापूरला छोट्या आगगाडीत चढताना पाय सटकला आणि ओठ दाताखाली आला. तोंडाच्या आत, एवढीशी जखम. त्यानं रुमाल धरून लग्न पार पाडलं, कोणाला कळू दिलं नाही. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. हे मला न्हाव्यानं येऊन सांगितलं.

दहाव्याला मी नाल्यावर गेलो. मी त्याचा कोणी नव्हतो. चुलत्याच्या मुलाचं क्षौर झाल्यावर न्हावी पेटी आवरायला लागला, तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्यानं चुलत्याकडे पाहिलं. चुलत्यानं मान हलवली.

न्हावी म्हातारा झाला होता, त्याचा हात आता स्थिर नव्हता. वस्तरा कानाशी आला आणि मला चरचरलं. त्यानं घाईनं आरसा पुढे केला. एक थेंब आला होता. मी पाहत राहिलो. थेंब तिथल्या तिथे थांबला, काळा पडला, वाळला. पुढे काही झालं नाही.

"लागलं का हो?" न्हाव्यानं विचारलं.

"लागलं," मी म्हणालो.